नाकारलेलें गाणें

एखादें गाणें लोकांच्या ओठीं बसलें कीं त्याच्या पाठोपाठ एक कहाणीही चालूं लागते. "हें गाणें आधीं अमक्याकडे गेलें होतें बरें का! त्यानें नको म्हटलें, म्हणून तें तमक्याच्या वांट्याला आलें." ही कहाणी सांगणाऱ्याला सांगतांना आणि ऐकणाऱ्याला ऐकतांना सारखीच गोड लागते. तमक्याच्या भाग्याचें कौतुक होतें, आणि लक्ष्मी टिळा लावायला आली असतां तोंड धुवायला गेलेला म्हणून अमक्याची थोडी थट्टाही होते.

श्रोतेहो, ही थट्टा कितपत न्यायाची आहे, याचा आज आपण थोडा विचार करूं. गाणें नाकारणारा गायक खरोखरच अविचारी असतो काय? नकाराचीं कारणें कोणतीं असतात? आणि ज्या गाण्याला एकदां नकार मिळाला, तें पुढें लोकप्रिय कसें होतें? यासाठीं ज्यांच्या हकीकती त्या त्या कलावंतांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनींच सांगून ठेवल्या आहेत, अशींच गाणीं मी निवडलीं आहेत.

पण त्यापूर्वीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "हें गाणें पहिल्यानें कोणाला देऊं केलें होतें?" हा प्रश्नच मुळीं फार जुना नाहीं. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, अर्जुनी-मोरगांवच्या बाजूस, झाडीपट्टीचा मुलूख लागतो. भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतही तो पसरलेला आहे. दिवाळी सरते, धान घरांत येऊं लागतें, आणि गांवोगांव मंडया भरतात. रात्र रात्र नाटकें चालतात, दंडारी रंगतात. दंडारींतलें गाणें एकानें उचलावें आणि बाकीच्यांनीं झेलावें. आज ज्यानें तें उचललें त्याचा गळा उद्यां बसला तर दुसरा पुढें होतो; गाणें अडून राहत नाहीं. तेथें गाणें मंडळीचें असतें, गांवचें असतें. तें कोणीं प्रथम नाकारलें, असा प्रश्न तेथें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

आपल्या संगीत रंगभूमीवरही स्थिति फारशी निराळी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' 1882 सालीं रंगभूमीवर आलें. सुभद्रेचीं पदें भाऊराव कोल्हटकरांनीं गाजविलीं, पुढें बालगंधर्वांनीं तीं आपल्या गळ्याचीं केलीं, आणि त्यानंतरही कितीतरी नटनटींनीं तीं गाइलीं. भूमिका एकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि पदेंही तिच्याबरोबर जात. प्रत्येक पिढीला आपापली सुभद्रा लाभे.

हें चित्र यंत्रानें बदललें. 1902 सालीं कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग यानें गौहरजानच्या गाण्याच्या तबकड्या घेतल्या आणि हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचें युग सुरू झालें. पुढें 1935 च्या सुमारास बोलपटांत पार्श्वगायनाची पद्धत आली. गाणें आतां एकदांच गायचें. मग तेंच, त्याच गळ्यांतलें, त्याच श्वासाचें, हजारों घरांत आणि कैक वर्षें ऐकूं यायचें. गाणें आणि गळा यांची अशी कायमची गांठ पडली. ज्या क्षणीं ही गांठ पडली, त्या क्षणापासूनच "दुसऱ्या कोणाशीं पडली असती तर?" हा प्रश्नही जन्मास आला.

नकाराचा पहिला प्रकार या यंत्रालाच दिलेल्या नकाराचा आहे. तीन मिनिटांच्या तबकडींत राग कसा मांडायचा, आणि पानपट्टीच्या दुकानांत कोणीही चावी फिरवून आपली विद्या वाजवावी हें कसें सोसायचें, असें त्या काळच्या पुष्कळ बुजुर्गांना वाटे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यु उस्ताद अल्लादिया खां 1946 पर्यंत हयात होते, परंतु त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाहीं. 1922 सालीं वारलेल्या भास्करबुवा बखल्यांचाही आवाज आज कोठें ऐकावयास मिळत नाहीं. आपलें केवढें नुकसान झालें तें निराळें सांगावयास नको. तथापि येथें एक मौज पाहा. गंधर्व नाटक मंडळीच्या 1916 च्या 'स्वयंवर' नाटकांतील पदांना चाली दिल्या त्या याच भास्करबुवांनीं. त्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांतून महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचल्या. तसेंच अल्लादिया खांसाहेबांचें. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवींतील एक तबकडी 1977 सालीं 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळांत धाडण्यांत आली. गुरूचा आवाज तबकडीवर उतरला नाहीं, आणि त्याच गुरूची विद्या सूर्यमालेच्या कडेपर्यंत गेली! विद्येला एक वाट मिळाली नाहीं तर ती दुसरी शोधते.

दुसरा प्रकार प्रतिष्ठेच्या नकाराचा. के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' 1960 सालीं पडद्यावर आला. त्यांत तानसेनाच्या तोंडीं गाणें हवें होतें, आणि आसिफना त्यासाठीं बडे गुलाम अली खां यांच्यावांचून दुसरा गळा नको होता. संगीत-दिग्दर्शक नौशाद त्यांना खांसाहेबांकडे घेऊन गेले. चित्रपटांत गाणें खांसाहेबांना पसंत नव्हतें. पाहुण्यांना तोंडावर नाहीं म्हणणें जड गेलें म्हणून त्यांनीं बिदागीच अशी सांगितली कीं ऐकणाऱ्यानें मुकाट्यानें उठून जावें. एका गाण्यास 25,000 रुपये! ज्या काळीं नामांकित पार्श्वगायकांचा मोबदला शेंकड्यांत मोजला जाई, त्या काळची ही गोष्ट. आसिफनीं ती रक्कम तेथल्या तेथें मान्य केली. खांसाहेबांचा नकार त्यांच्याच शब्दानें बांधला गेला, आणि सोहनी व रागेश्री या रागांतील दोन चिजा चित्रपटाला मिळाल्या. हा नकार पैशाच्या रूपांत आला असला तरी तो पैशाचा नव्हता. आपल्या विद्येचें मोल बाजारानें ठरवूं नये, एवढेंच त्यांना सुचवावयाचें होतें.

तिसरा प्रकार मला अधिक हृद्य वाटतो. तो म्हणजे आदरापोटीं दिलेला नकार. 'बसंत बहार' हा चित्रपट 1956 चा. कथेंत नायकाची आणि एका दरबारी गवयाची जुगलबंदी आहे, आणि नायकानें ती जिंकायची आहे. शंकर-जयकिशन यांनीं नायकाचा आवाज म्हणून मन्ना डे यांना निवडलें. समोरचा गवई कोण, हें कळलें तेव्हां मन्नादांचें धैर्यच खचलें. तेथें साक्षात् पंडित भीमसेन जोशी गाणार होते! सवाई गंधर्वांचा हा शिष्य, पुण्यांत राहून किराणा घराण्याचें नांव सर्वत्र गाजविणारा. आणि त्याला आपण हरवायचें? मन्नादांनीं नाहीं म्हटलें. कांहीं दिवस मुंबई सोडून निघून जावें असाही विचार त्यांच्या मनांत आला. तेव्हां त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनीं त्यांना समजाविलें. कथेंत नायक जिंकतो, त्या नायकाचा आवाज तुम्ही आहांत. मग गायला काय हरकत आहे, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. मन्नादा कसून मेहनतीस लागले आणि उभे राहिले. आज ती जुगलबंदी ऐकतांना त्यांच्या तानेंत जी सावध तयारी जाणवते, ती त्या भीतीचीच देणगी नव्हे काय? ज्याला समोरच्याची थोरवी समजली नसती, त्यानें हें गाणें हंसत हंसत पत्करलें असतें आणि बेफिकिरीनें गाइलेंही असतें.

आतां मराठी भावगीताकडे वळूं; कारण या विषयांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. तें गाणें म्हणजे 'शुक्रतारा'. शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, साल 1962. मुंबई आकाशवाणीवर त्या काळीं नवीं भावगीतें मोठ्या आस्थेनें तयार होत असत, आणि पाडगांवकर हेही त्याच केंद्रांतले. या युगुलगीतासाठीं खळ्यांना एक विशिष्ट आवाज हवा होता. रेडिओवर उर्दू गझला गाणाऱ्या एका तरुणाचा मुलायम, किंचित् कंप पावणारा आवाज त्यांच्या कानांत राहिला होता. तो तरुण म्हणजे अरुण दाते.

दात्यांचें घर इंदूरचें. वडील रामूभैया दाते हे माळव्यांतले नामवंत रसिक; गवयांना हक्काचें वाटावें असें त्यांचें घर. अरुण दात्यांना कुमार गंधर्वांकडे शिकावयास मिळालें होतें. व्यवसायानें ते कापडधंद्यांतले अभियंते. गळा तयार, कान तयार, पण सारें वाढणें हिंदी मुलुखांतलें. त्यामुळें मराठी गाणें गाण्यास त्यांनीं साफ नकार दिला. माझे मराठी उच्चार शुद्ध नाहींत, लोक हंसतील, असें त्यांचें म्हणणें होतें.

हा नकार खोट्या विनयाचा नव्हता. आपली मराठी कानाला साधी वाटते, पण परक्या जिभेला तिच्यांत पुष्कळ अडचणी आहेत. 'चार' आणि 'चारा' यांत अक्षर एकच, पण पहिल्या च चा उच्चार तालूपाशीं होतो आणि दुसऱ्याचा दांतांपाशीं. तोच भेद 'जीव' आणि 'जाळें' यांच्या ज मध्यें आहे. लिहितांना तो दिसत नाहीं. तो कानानेंच शिकावा लागतो. ळ तर हिंदी बोलणाऱ्याच्या जिभेवर सहज ल होऊन बसतो आणि ण चा न होतो. ख्यालांत एखादें अक्षर निसटलें तरी सुराच्या ओघांत तें खपून जातें. भावगीताचें तसें नाहीं. तेथें शब्द हाच गाण्याचा प्राण. एक ळ चुकला तरी घरांतली आजी लगेच मान वर करून पाहते! आपलें वैगुण्य नेमकें कोठें आहे आणि तें कोणत्या ठिकाणीं उघडें पडेल, हें दात्यांना बरोबर उमगलें होतें. नकार देण्यापुरतें आत्मज्ञान ज्याच्यापाशीं आहे, त्याला अडाणी कसें म्हणावें?

पण खळेही हटून बसले. दाते गाणार नसतील तर हें गाणें आपण कोणालाच देणार नाहीं, असा त्यांनीं पण केला. येथें आपण क्षणभर थांबलें पाहिजे. मुंबईंत त्या वेळीं शुद्ध मराठी गाणाऱ्या चांगल्या गायकांची वाण नव्हती. खळ्यांना सोपी वाट मोकळी होती. तरीही ते ज्या गळ्यासाठीं अडून बसले, त्या गळ्यांत त्यांना काय दिसलें असेल? मला वाटतें, त्यांना त्या गळ्यांतला गझलेचा संथ, गुणगुणता स्वभाव हवा होता. संध्याकाळची वेळ, दोघांचें हलकेंच चाललेलें बोलणें. तेथें मैफल जिंकणारा आवाज काय कामाचा? शेजारीं बसून बोलणारा आवाज तेथें हवा. उच्चार शिकवितां येतात, आवाजाचा स्वभाव शिकवितां येत नाहीं, हें त्या चतुर संगीतकारानें ओळखलें होतें. घरीं रामूभैयांनींही मुलाला आग्रह केला. अखेर दाते तयार झाले. एकेक शब्द घांसून पुसून घेतला गेला.

जोडीला आवाज आला तो सुधा मल्होत्रा यांचा. त्याही मराठी नव्हत्या. म्हणजे मराठी माणसाला अगदीं आपलें वाटणारें हें युगुलगीत गाणारे दोघेही हिंदी वातावरणांत वाढलेले! पुन्हां एकदां तें लक्ष देऊन ऐका. प्रत्येक अक्षर किती जपून, किती स्वच्छ टाकलें आहे! ज्याला भाषा आयती मिळालेली असते तो शब्द फेंकून देतो. ज्याला ती मिळवावी लागते तो शब्द हलक्या हातानें ठेवतो. नकाराच्या मुळाशीं जी भीति होती, तीच गाण्यांत काळजी होऊन उतरली. हें एक गाणें दात्यांच्या आयुष्याचें नांवच होऊन बसलें. 'शुक्रतारा' याच नांवानें त्यांनीं पुढें अडीच हजारांहून अधिक कार्यक्रम केले, आणि 2018 सालीं ते गेले तेव्हां महाराष्ट्रानें त्यांना या गाण्यानेंच निरोप दिला.

खळे असे अडून बसूं शकले याला त्यांचा स्वतःचा एक जुना अनुभवही कारण असावा असें मला वाटतें. दहा वर्षांपूर्वीं, 1952 च्या सुमारास, ग. दि. माडगूळकरांच्या दोन बालगीतांना त्यांनीं चाली बांधल्या होत्या. एक गोऱ्यापान वहिनीचें आणि दुसरें तळ्यांतल्या कुरूप पिल्लाचें. 'लक्ष्मीपूजन' नांवाच्या चित्रपटासाठीं केलेल्या त्या चाली चित्रपटांत गेल्याच नाहींत. तें काम दुसऱ्याकडे गेलें. नवख्या संगीतकाराला हा घाव लहान नव्हता. पुढें आशा भोसले यांच्या आवाजांत त्यांची तबकडी निघाली, आणि आज सत्तर वर्षांनंतरही मराठी घरांतलें मूल बोबडें बोलूं लागलें कीं हीं दोन्ही गाणीं त्याच्या तोंडीं येतात. तळ्यांतलें वेडें पिल्लू अखेर राजहंस निघालें, हें त्या गीताप्रमाणेंच त्या तबकडीच्याही बाबतींत खरें ठरलें. चांगली चाल एका दारांतून परत आली म्हणून ती वाईट ठरत नाहीं, हा धडा खळ्यांना असा लवकर मिळाला होता.

शेवटचें उदाहरण साऱ्या देशाला ठाऊक असलेल्या गाण्याचें. 1962 च्या चिनी आक्रमणांत आपले जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ कवि प्रदीप यांनीं 'ऐ मेरे वतन के लोगो' हें गीत लिहिलें. चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्यास जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांची. लताबाईंचें आणि त्यांचें एकत्र काम त्यापूर्वीं कांहीं वर्षें बंद पडलें होतें, म्हणून त्यांनीं गाण्यासाठीं आशाबाईंना योजिलें. प्रदीपजींच्या मनांत मात्र लताबाईंचाच आवाज होता. तालमीला पुरेसा वेळ नाहीं म्हणून लताबाईंनीं आरंभीं आढेवेढे घेतले. कवीनें गळ घातली. मग दोघी बहिणींनीं मिळून गावें असें ठरलें. पण दिल्लीस निघण्याची वेळ आली तेव्हां आशाबाईंनीं जाण्याचें रहित केलें. 27 जानेवारी 1963 रोजीं पंडित नेहरूंच्या समोर लताबाई एकट्याच उभ्या राहिल्या. पुढचें सर्वांना माहीत आहे.

या हकीकतींतले रुसवेफुगवे आज उगाळण्यांत हंशील नाहीं. मला तिच्यांत दुसरेंच दिसतें. एका महिन्याच्या आंत त्या गाण्याचे किती आकार झाले! प्रथम एकटीचें, मग दुसऱ्या एकटीचें, मग दोघींचें, आणि अखेर पुन्हां एकटीचें. दोघींनीं गाइलें असतें तर तें निराळें झालें असतें, आणि कोणीं सांगावें, तेंही तितकेंच मोठें झालें असतें. आपल्या कानांत जें आहे तेंच विधिलिखित होतें असें आपल्याला वाटतें, याचें कारण दुसरें आपण ऐकलेलेंच नाहीं.

आणि नकार हा कांहीं केवळ गायकाच्याच हातीं असतो असेंही नाहीं. याच लताबाईंना 1948 च्या सुमारास निर्माते शशधर मुखर्जी यांनीं आवाज फार पातळ आहे म्हणून नापसंत केलें होतें. मास्टर गुलाम हैदर यांनीं त्याच वर्षीं 'मजबूर' चित्रपटांत त्यांना गावयास लावलें आणि आपला कौल लोकांपुढें ठेवला. म्हणजे तेथेंही खळ्यांसारखाच एक हटवादी कान होता.

या सर्वांवरून काय निष्पन्न होतें? नकार देणाऱ्यांपैकीं कोणी आपल्या विद्येचा मान राखीत होता, कोणी दुसऱ्याच्या थोरवीपुढें नमत होता, कोणाला आपल्या जिभेची मर्यादा कळत होती. यांतलें एकही कारण हंसण्याजोगें नाहीं. जो गायक पुढ्यांत येईल तें गाणें घेतो, त्याच्या होकाराला तरी किती किंमत असावयाची? नाहीं म्हणतां येतें म्हणूनच हो म्हणण्याला अर्थ येतो.

मात्र यशस्वी गाण्यांच्याच कहाण्या आपण सांगतों, हेंही विसरूं नये. जीं गाणीं नाकारलीं गेलीं आणि तशींच वहींत राहून गेलीं, त्यांची कहाणी सांगावयास कोणी उरत नाहीं. तेथें कदाचित् एखादा खळे भेटला नाहीं, एखाद्या सुलोचनाबाईंचा शब्द वेळेवर आला नाहीं. गाण्याला कवि हवा, चाल हवी, गळा हवा. पण यांच्या जोडीला, नकार ऐकूनही दारांतून न हलणारें एखादें माणूसही हवें. यापुढें कोणी आपल्याला अशी कहाणी सांगितली, तर "नाहीं कोणीं म्हटलें?" एवढेंच विचारून थांबूं नये. "आणि अडून कोण बसलें?" हेंही विचारावें. पुष्कळदां त्या गाण्याचें खरें श्रेय त्या दुसऱ्या उत्तरांत सांपडेल.